रॅक बसवताना आणि भरताना: वजन कुठंय ते आधी बघा

रॅक म्हणजे सर्व्हर, नेटवर्क स्विच, डिस्कची खोकी एकावर एक बसवायचं कपाट. त्याचं काम लांबून बघणाऱ्याला वाटतं यात काय आहे, लोखंडी सांगाडा उभा करायचा, स्क्रू मारायचे, केबल्स लावायच्या, झालं. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा अर्धवट भरलेल्या रॅकमधून डिस्कने खचाखच भरलेली दोन स्टोरेज खोकी आम्ही एकाच वेळी बाहेर ओढली, म्हणजे वरच्याचं काम चालू होतं आणि खालच्याचा सिरीयल नंबर तेवढ्यात वाचून घेऊ म्हणून, आणि रॅकची मागची चाकं जमिनीवरून उचलली गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. मागे उभा असलेला सहकारी सांगाड्याला अक्षरशः लटकला म्हणून ते सगळं माझ्या अंगावर आलं नाही.

नंतर शांतपणे बसून हिशोब मांडला. रिकामा रॅक १२५ किलोचा धरा, खोली १ मीटर, म्हणजे त्याचं वजन पुढच्या पायांपासून साधारण ४५ सेंमी मागे पडतं. १२५ गुणिले ४५ म्हणजे ५६२५, रॅकला उभं धरून ठेवणारा जोर हा एवढाच. आता १०० किलोचं खोकं रेलवर, म्हणजे ज्या पट्ट्यांवर ते ड्रॉवरसारखं सरकतं त्यांच्यावर, पूर्ण बाहेर आलं की त्याचा मध्य पायांच्या ३५ सेंमी पुढे जातो, १०० गुणिले ३५ म्हणजे ३५००. एक बाहेर असलं तर रॅक उभा राहतो. दोन बाहेर आली की ७०००, आणि रॅक कलंडतो. त्यात पुन्हा चाकं पायांपेक्षा आतल्या बाजूला असतात, म्हणजे पाय न टेकवता नुसत्या चाकांवर काम केलं तर ते ४५ अजून कमी होतं, आम्ही नेमकं तेच केलेलं. म्हणून हल्ली बरोबर नवीन कोणी असला की मी सारखं एकच विचारतो, आत्ता वजन कुठंय? पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी जागा आणि मापं

रॅक यायच्या आधी टेप घेऊन फिरा. उपकरणांच्या पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी, हे ईआयए-३१० नावाच्या स्टँडर्डने ठरवलेलं आहे आणि सगळीकडे सारखंच असतं, पण बाहेरचं कपाट मात्र ६०० किंवा ८०० मिमी रुंद आणि ६०० पासून १२०० मिमीपर्यंत खोल कसंही येतं. उंची यू मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, म्हणून ४२ यू रॅकची आतली उंची १८६७ मिमी भरते आणि चाकं, छत धरून बाहेरून तो २ मीटरच्या आसपास जातो. दरवाजाची चौकट आणि लिफ्टचं दार दोन्ही मोजा. आणि एक गोष्ट जी हमखास सुटते, रॅक आडवा करून आत आणायचा विचार असेल तर तो उभा करताना त्याचा कर्ण छताखाली मावला पाहिजे. २ मीटर उंच आणि १.०७ मीटर खोल रॅकचा कर्ण जवळपास २.२७ मीटर होतो, तोच अरुंद बाजूने उचलला तर २.०९. फॉल्स सीलिंग खाली उतरलेलं असेल तर १८ सेंमीवरून घोडं अडतं, आणि ते कळतं तेव्हा चार माणसं रॅक हातात धरून उभी असतात.

मग जमीन. १२५ किलोचा रॅक, ३०-३० किलोचे दहा सर्व्हर, यूपीएस आणि बॅटरी मिळून ९०, नेटवर्क स्विच, पीडीयू (रॅकमधला वीज वाटायचा प्लगांचा बोर्ड), केबल्सचे ३५, झाले ५५० किलो. हे सगळं चार पायांवर, म्हणजे एका पायाखाली १३७ किलो, आणि तो पाय असतो चहाच्या बशीपेक्षाही लहान. रेझ्ड फ्लोअर (खाली पोकळी ठेवून उचललेली टाइलची जमीन) असेल तर टाइलचा पॉइंट लोड, म्हणजे एकाच ठिकाणी पेलणारं वजन, किती ते विचारून घ्या, नुसतं 'एका चौरस मीटरला इतके किलो' ऐकून समाधान मानू नका कारण टाइल फुटते ती पायाखाली. कापलेली टाइल, म्हणजे केबलसाठी भोक पाडलेली, तिच्यावर रॅकचा पाय अजिबात टेकू नका.

समोर सर्व्हर पूर्ण बाहेर ओढून त्याच्यापुढे माणूस उभा राहील एवढी जागा हवी, म्हणजे निदान १ ते १.२ मीटर. मागे पण १ मीटरच्या जवळपास ठेवा, भिंतीला चिकटवलेला रॅक म्हणजे पुढे प्रत्येक कामात नाकी नऊ.

खोक्यातून बाहेर आणि जागेपर्यंत

माल उतरवून घेताना खोक्यावरचे टिल्ट आणि शॉकचे (कलल्याचं आणि आपटल्याचं दाखवणारे) स्टिकर बघा, रंग बदललेला असेल तर फोटो काढा आणि सही करताना तसं लिहा. हे नंतर करू म्हटलं की होत नाही.

पॅलेटवरून रॅक उतरवणं हा पूर्ण कामातला दुसरा सगळ्यात धोक्याचा क्षण. रॅम्प नीट अडकवलाय का, पट्ट्या आणि तळातले ब्रॅकेट काढलेत का आणि चाकांच्या वाटेत स्क्रू, थर्माकोलचा तुकडा वगैरे काही नाही ना, हे खाली वाकून बघा, कारण एवढासा खडा चाकाखाली आला तरी रॅक जागच्या जागी अडतो आणि वरचा भाग मात्र पुढे जात राहतो. निदान दोन माणसं, भरलेला असेल तर तीन-चार. रॅम्पवर खालच्या बाजूला रॅकच्या थेट समोर कोणी उभं राहायचं नाही, धरायचं ते बाजूला उभं राहून किंवा वरून मागे खेचत. सुटलाच तर सुटू दे, रॅक पुन्हा येतो.

ढकलताना पुढून किंवा मागून ढकला, बाजूने नाही. कारण सरळ आहे, रॅक ६०० मिमी रुंद आणि १००० पेक्षा जास्त खोल, बाजूने जोर लावला तर पडायला त्याला जवळपास निम्मंच अंतर लागतं. हात छातीच्या उंचीला, वरच्या टोकाला धरून ढकलाल तर तुम्हीच त्याला कलवताय. पाय, म्हणजे ते स्क्रूवाले लेव्हलिंग फूट, ढकलताना पूर्ण वर घेतलेले असू देत, नाहीतर उंबऱ्याला अडकतात.

स्पेसिफिकेशनमध्ये वजनाचे दोन आकडे असतात, स्टॅटिक आणि डायनॅमिक, आणि लोक मोठा आकडा वाचून पुढे जातात. स्टॅटिक म्हणजे पाय टेकवून उभा असताना पेलणार तेवढं, डायनॅमिक म्हणजे चाकांवर हलवताना, आणि हा दुसरा आकडा बऱ्यापैकी कमी असतो. रॅक आधी दुसऱ्या खोलीत भरून मग सरकवू असं कोणी सुचवलं तर हा दुसरा आकडा दाखवा.

उभा करणं, लेव्हल, आणि धरून ठेवणं

जागेवर आला की चारी पाय खाली घ्या, चाकांवरचं वजन सुटेपर्यंत. चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं म्हणजे वजन पायावर आलं. मग स्पिरिट लेव्हल लावा, आडवी पण आणि उभ्या पट्टीला पण, दोन्ही दिशांनी. इथे आळस केला की रॅकचा सांगाडा किंचित पिळला जातो, डोळ्याला दिसत नाही पण नंतर दार घासतं, सर्व्हरची रेल एका बाजूला बसते आणि दुसऱ्या बाजूला भोक जुळत नाही, आणि मग लोक रेलला शिव्या देत हातोडी शोधतात.

रिकामा असतानाच त्याला धरून ठेवायची सोय करा. जमिनीला बोल्ट मारता आले तर सगळ्यात उत्तम. शेजारी रॅक असतील तर एकमेकांना जोडायच्या पट्ट्या येतात त्या लावा, चार रॅकची रांग बाजूला सहजासहजी कलत नाही, पुढे पडायलाही वेळ लागतो. दोन्ही जमत नसेल तर पुढच्या बाजूचा अँटी-टिप, म्हणजे रॅक पुढे कलंडू न देणारा, पाय, काही रॅकना ओढून बाहेर काढायची पट्टी असते, काहींना बोल्टने लावायचा तुकडा येतो, तो अडगळ वाटतो म्हणून बऱ्याच ठिकाणी कपाटाच्या वर धूळ खात पडलेला असतो. तो लावल्याशिवाय एकही रेल बसवू नका.

दारं आणि साइड पॅनल काढून बाजूला ठेवा. दाराची अर्थिंगची वायर आधी सोडवा, नाहीतर दार बिजागरीतून उचलताना ती खेचली जाऊन तुटते. आणि दार भिंतीला टेकवून उभं ठेवू नका, आडवं ठेवा. जाळीचं दार पायावर पडलं की काय होतं ते मला माहितीय, जास्त सांगत नाही.

अर्थिंग आधी, वीज नंतर

यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. रॅकमधल्या प्रत्येक पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो आणि त्यातून थोडासा करंट अर्थच्या वायरमध्ये जातच असतो, हा दोष नाही, डिझाइनच तसं आहे. एकाचा अगदी एखादा मिलीअँपिअर. पण एका पीडीयूवर वीस सप्लाय आले की त्यांची बेरीज होते, आणि समजा त्या पीडीयूच्या प्लगमधली अर्थ सुटली तर ती सगळी बेरीज रॅकच्या पत्र्यावर येऊन तुमची वाट बघते. तुम्ही एका हाताने रॅक आणि दुसऱ्याने अर्थ झालेली कुठली तरी वस्तू धरलीत की संपलं. म्हणून रॅकच्या सांगाड्यावरून अर्थ बारपर्यंत (खोलीतल्या अर्थच्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी) वेगळी हिरवी-पिवळी वायर हवी, साधारण ६ चौरस मिमीची तरी, तुमच्या इथल्या नियमात जाडी जास्त सांगितली असेल तर तेवढी. नुसत्या प्लगच्या अर्थवर विसंबू नका. नियम एवढाच, जोडताना अर्थ सगळ्यात आधी आणि काढताना सगळ्यात शेवटी.

रंगावर स्क्रू मारलेली अर्थिंग म्हणजे अर्थिंग नाही. पावडर कोटिंग चांगलं इन्सुलेटर असतं. एकतर दातेरी वॉशर वापरा जो रंग खरवडून पत्र्याला भिडतो, किंवा तेवढ्या जागेचा रंग खरवडा. दारं, साइड पॅनल, प्रत्येकाला स्वतःची छोटी वायर. मल्टीमीटर घेऊन दार आणि अर्थ बार यांच्यात कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

यू मोजणं आणि केज नटची झटापट

उभ्या पट्टीवरची भोकं जवळून बघा. एका यू मध्ये तीन भोकं, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं, १५.९ मिमी, १५.९ मिमी आणि मग १२.७ मिमी. नवा यू सुरू होतो तो या लहान अंतराच्या बरोबर मध्यावर. म्हणजे जिथे दोन भोकं जास्त जवळ दिसतात तिथे मनात रेघ मारायची. ही रेघ चुकली आणि एका भोकाने वर बसवलंत की ते उपकरण बसतं व्यवस्थित, पण त्याच्यावरचं बसत नाही, जागा वाया जाते आणि सहा महिन्यांनी कोणीतरी डोकं खाजवत बसतो. बऱ्याच रॅकवर नंबर छापलेले असतात, नसतील तर मार्करने स्वतः टाका, पुढच्या आणि मागच्या दोन्ही पट्ट्यांवर, खालून वर. मागचे नंबर विसरले की रेल पुढे १२ वर आणि मागे १३ वर जाते.

केज नट, म्हणजे चौकोनी भोकात बसवायचा स्प्रिंगच्या पिंजऱ्यातला नट. याने जेवढी बोटं कापलीत तेवढी दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने कापली नसतील. त्याचे दोन कान डाव्या-उजव्या बाजूला यायला हवेत, वर-खाली नाही, कान आडवे असले की भोकाच्या बाजूंना धरतात आणि वजनाने सटकत नाहीत. पद्धत अशी: नट पट्टीच्या आतल्या बाजूने धरा, एक कान भोकात अडकवा, समोरून केज नटचा हूक घालून दुसरा कान दाबून आपल्याकडे ओढा, टक्क आवाज येतो. स्क्रू ड्रायव्हरने रेटू नका, तो सटकतो तेव्हा समोर तुमचाच तळहात असतो. पातळ ग्रिपवाले हातमोजे घाला. आणि साइझ, एम६, एम५, १०-३२, १२-२४ असे चार तरी प्रकार फिरत असतात आणि एम५ चा स्क्रू १०-३२ च्या नटात दोन-तीन आटे आरामात जातो आणि मग अडकतो. पहिले आटे नेहमी बोटांनी फिरवा, ड्रिल-ड्रायव्हर नंतर. एका डब्यात वेगवेगळे नट मिसळून ठेवणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

रेल्स आणि सर्व्हर चढवणं

आधी कागदावर मांडणी करा. जड खाली, हलकं वर, यूपीएस आणि बॅटरी सगळ्यात तळाला, मग स्टोरेज, मग मोठे सर्व्हर, वर स्विच आणि पॅच पॅनल (नेटवर्क केबल्स जोडायची पट्टी). भरायचंही याच क्रमाने, खालून वर. मंगळवारी वरचे सर्व्हर आलेत आणि यूपीएस शुक्रवारी येणार, मग वरचे चढवून घेऊ का, असं विचारणारे असतात. नाही. खालचं येईपर्यंत वरचं खोक्यात राहू दे.

रेलवर डावी-उजवी, पुढची-मागची अशी अक्षरं कोरलेली असतात, ती वाचा. रॅकची भोकं चौकोनी, गोल की आटेवाली, त्याप्रमाणे रेलचं टोक वेगळं येतं. बसवल्यावर दोन्ही टोकं हाताने जोरात खाली आणि पुढे ओढून बघा, लॅच (अडकवायची खिटी) अर्धवट बसलेला असेल तर तो आत्ता सुटू दे, सर्व्हर चढवल्यावर नको. मग पुढच्या आणि मागच्या टोकाचा यू नंबर परत एकदा.

आता उचलणं. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या उचलण्याच्या समीकरणात सगळ्यात आदर्श स्थितीत, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, २३ किलो ही वरची मर्यादा धरतात. रॅकमध्ये यातलं काहीच आदर्श नसतं. हात लांब करून, कधी गुडघ्याच्या खाली, कधी डोक्याच्या वर, आणि मिलिमीटरमध्ये जुळवायचं. त्यामुळे २ यू सर्व्हर दोघांनी, त्याहून जड किंवा खांद्याच्या वर असेल तर सर्व्हर लिफ्ट, ती हाताने फिरवायची ट्रॉली. लिफ्ट नसेल तर वजन कमी करा: पॉवर सप्लाय आणि डिस्क बाहेर काढा, डिस्कवर आधी क्रमांक चिकटवा, कारण क्रम बिघडला तर काही सिस्टिम गोंधळ घालतात. ६० डिस्कचं ४ यू खोकं भरलेलं असताना १०० किलोच्या सहज जवळ किंवा पुढे जातं, ते चौघांनी उचलायचं धाडसही करू नका, कारण ४ यू च्या उंचीत चौघांचे हात मावतच नाहीत.

दोघांनी उचलताना कोण बोलणार ते आधी ठरवा, एकच जण. "तीनला उचलायचं" म्हणजे तीन म्हणताना की तीन म्हटल्यावर, हे पण ठरवा, हसू नका, यावरून सर्व्हर एका बाजूने आपटलेला बघितलाय. सर्व्हर कानांना म्हणजे पुढच्या हँडलला धरून उचलायचा नसतो, ते हँडल ओढण्यापुरतं असतं. खालून हात घाला. सर्व्हर रेलमध्ये घालायच्या दोन पद्धती असतात, काहींमध्ये आतली पट्टी सर्व्हरला लावून समोरून सरकवायची, काहींमध्ये रेल पूर्ण बाहेर ओढून सर्व्हर वरून ठेवून त्याच्या बाजूचे खिळे रेलच्या खाचांत बसवायचे, मागचे खिळे आधी, मग पुढचे. दोन्हीत टक्क आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा. एकाच बाजूने आला तर हात सोडू नका, थांबा, बघा. आणि आत ढकलताना रेलच्या बाजूचे निळे किंवा हिरवे लॅच दाबायला बोटं घालावी लागतात, ती लॅच सुटताक्षणी मागे घ्या, सर्व्हर आणि पट्टी यांच्यात चिमटा बसतो तो चांगलाच बसतो.

एका वेळी एकच उपकरण बाहेर. रॅक पूर्ण भरलेला आणि बोल्ट केलेला असला तरीही, सवय म्हणून. बाहेर आलेल्या सर्व्हरवर लॅपटॉप ठेवणं, टेकणं, स्क्रूचा डबा ठेवणं, हे सगळं बंद. पुढचे दोन स्क्रू शेवटी आठवणीने मारा.

झाकण उघडून आत काही करायचं असेल तर अँटिस्टॅटिक मनगटपट्टी घाला. तिच्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो म्हणून ती अंगावरचा चार्ज हळू उतरवते. साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळणं याला पर्याय नाही, ती उलट धोकादायक आहे.

वीज

यूपीएस बॅटरीशिवाय चढवा, बॅटरी नंतर आत सरकवा. बॅटरीला स्विच नसतो, तिचे टर्मिनल कायम जिवंत असतात, त्यामुळे अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा.

पीडीयूचा हिशोब. १६ अँपिअरची लाइन २३० व्होल्टवर ३६८० वॅट देते, पण सतत चालणारा लोड ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा अशी पद्धत आहे, म्हणजे १२.८ अँपिअर. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. गंमत दोन सप्लायवाल्या सर्व्हरमध्ये आहे. एका ठिकाणी ए आणि बी अशा दोन्ही पीडीयूवर १०-१० अँपिअर दिसत होते आणि सगळे खूश होते की दोन्हीवर जागा आहे. एक दिवस ए ची लाइन गेली, सगळा लोड बी वर आला, २० अँपिअर, थोड्याच वेळात तिचाही एमसीबी पडला आणि पूर्ण रॅक अंधारात. दोन लाइन घेतल्या त्याचा उपयोग शून्य. म्हणून दोन्हीची बेरीज १२.८ च्या आत हवी, म्हणजे नेहमीच्या वेळी प्रत्येकीवर ६.४. एका पीडीयूमध्ये दुसरा पीडीयू किंवा एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आणि दुरुस्तीच्या वेळी "बंद केलाय" म्हणजे काय ते तपासा. दोन सप्लाय असलेल्या सर्व्हरची एक वायर काढली तर तो चालूच असतो, पुढचं बटण दाबलं तरी आत स्टँडबाय व्होल्टेज असतं. दोन्ही वायर काढून हातात धरून बघितल्या की मग बंद. त्यासाठी दोन्ही टोकांना लेबल हवं.

हवा आणि केबल्स, थोडक्यात

बहुतेक सर्व्हर हवा पुढून घेऊन मागे टाकतात, पण स्विच दोन्ही दिशांचे मिळतात, त्यामुळे स्विचचा पंखा कुठल्या बाजूला फेकतो ते ऑर्डर देतानाच बघा. नाहीतर सगळे एका दिशेला आणि तो एकटा गरम हवा ओढत बसतो. रिकाम्या यू ला ब्लँकिंग पॅनल, म्हणजे जागा झाकायची पट्टी, लावा, ते शोभेचं नाही, त्याच्याशिवाय मागची गरम हवा फटीतून परत पुढे येते. ३ किलोवॅटचा रॅक ताशी १० हजार बीटीयूपेक्षा (उष्णता मोजायचं एकक) थोडी जास्त उष्णता टाकतो, जवळपास ०.८५ टन एसीचं काम, आणि ते रात्रंदिवस. तापमान खोलीच्या भिंतीवर नाही, रॅकच्या पुढे सगळ्यात वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी मोजा, ॲशरे या एसी-वातानुकूलनाच्या इंजिनीअरांच्या अमेरिकन संस्थेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे.

केबल्स वेल्क्रोने बांधा. झिप टाय करकचून आवळले जातात आणि कापलेलं टोक ब्लेडसारखं हाताला लागतं. तांब्याच्या नेटवर्क केबलचं वळण तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान नको, फायबरचं दहा पट. पॉवर एका बाजूने, डेटा दुसऱ्या. सर्व्हर बाहेर ओढता येईल एवढी ढील मागे ठेवा, आणि एकदा खरंच ओढून बघा. फायबरच्या टोकात डोळा घालून उजेड येतोय का बघायचं नाही, तो लेसर डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

भिंतीवरचा रॅक

६ किंवा ९ यू चा छोटा आहे म्हणून लोक हलक्यात घेतात, पण तो सगळा भार अँकरवर लटकतो आणि खोली जेवढी जास्त तेवढा वरचा अँकर भिंतीतून उपटायला बघतो. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत त्या भिंतीसाठीचाच अँकर, जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या बोर्डात कधीच नाही, मागचा सांगाडा शोधा किंवा आधी प्लायवूड ठोका. ड्रिल लावण्याआधी भिंतीत वायर किंवा पाइप नाही ना ते बघा. आणि त्यात यूपीएस टाकू नका, तो खाली जमिनीवर.

हलवायचा किंवा रिकामा करायचा असेल तर

भरलेला रॅक दोन खोल्या पलीकडे न्यायचाय असा फोन आला की पहिलं वाक्य "सगळं तसंच ढकलू" असतं. सगळ्याच्या आधी मागचा फोटो काढा, दोन-तीन अंतरांवरून. मग वरून काढायला सुरुवात करा. ४२ यू रॅकसाठी काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ३२ यू पासून वरचं सगळं काढा आणि खालच्यांमध्ये रिकामी जागा सोडू नका, म्हणजे वजन खाली घट्ट राहतं. जे आत राहिलंय त्याचे स्क्रू घट्ट करा, वाटेत रेलवरचा सर्व्हर बाहेर यायला लागला की ढकलणारा पुढे धावतो आणि रॅक मोकळा सुटतो. दारं काढा नाहीतर कुलूप लावा. वाटेवर आधी रिकाम्या हाताने चालून या, उंबरे, लिफ्टची फट, उतार मोजा. शेजारच्या रॅकशी जोडलेले आणि जमिनीचे बोल्ट सोडवा, पण पाय आणि अँटी-टिप सगळ्यात शेवटी वर घ्या, ढकलणारी माणसं जागेवर उभी राहिल्यानंतरच.

कायमचा रिकामा करायचा असेल तर भरण्याच्या उलट क्रमाने, वरून खाली, एका वेळी एक, वायर काढून. मध्येच जेवायला गेलात तर अर्धा बाहेर आलेला सर्व्हर आत ढकलून जा. तळातला यूपीएस शेवटी, आधी बॅटरी बाहेर, मग खोकं, आणि अर्थची वायर त्याच्याही नंतर.